वाऱ्याचे वाक्य

नागपूरहून पहाटेची मोटार गाठायची होती, म्हणून घरातली सगळी माणसे माझ्याआधी उठली होती. निघताना बायकोने माझ्या कोटाच्या खिशात एक कांदा घातला. "याने ऊन लागत नाही म्हणतात," ती म्हणाली. मी म्हटले, "हवामानाच्या कचेरीतल्या माणसाने खिशात कांदा घेऊन हिंडायचे?" ती म्हणाली, "तुमच्या कचेरीला ऊन कळते, लागत कुठे?" आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नागपुरात बदली होऊन चार उन्हाळे झाले होते आणि या चार उन्हाळ्यांत तिच्याशी वाद घालून मी एकदाही जिंकलो नव्हतो. कांदा खिशातच राहिला.

माझे काम काय ते आधी सांगून टाकतो. विदर्भाचे हवामान रोज दुपारी इंग्रजीत तयार होते. ते मराठीत करून रेडिओला आणि वर्तमानपत्रांना द्यायचे, एवढेच माझे काम. पण मला त्याचा अभिमान फार. 'तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस पडण्याचा संभव आहे' हे वाक्य मी इतके घासूनपुसून गुळगुळीत केले होते की रेडिओवर ते ऐकू आले, की मी जेवताना घास हातात धरून थांबत असे. चार वर्षे तुरळक ठिकाणी पाऊस पाडला, पण तुरळक ठिकाण म्हणतात ते कसे असते हे मात्र कधी पाहिले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच.

त्या वर्षी जंगलखात्याकडून आमच्याकडे पत्र आले. उन्हाळी वादळात वीज पडते, वारा सुटतो आणि वाळलेल्या रानात वणवा पेटतो. तेव्हा रोजच्या अंदाजात वणव्याच्या धोक्याचीही सूचना घालावी, अशी त्यांची विनंती होती. आमचे साहेब म्हणाले, "सूचना घालू. पण आपले शब्द तिकडे कोण ऐकतो आणि ऐकून काय करतो, ते आधी जाऊन पाहा." यवतमाळ जिल्ह्यातला केळापूरकडचा रानाचा भाग मला नेमून दिला. महाराष्ट्र होऊन दोन उन्हाळे झाले होते. वैशाखाचे दिवस होते.

हिंगणघाटपर्यंत खिडकीतून येणारा वारा बरा होता. पुढे तो असा तापला की प्रवाशांनी एकेक करून खिडक्या लावून घेतल्या आणि आम्ही भट्टीतल्या भाकऱ्यांसारखे गप्प बसून राहिलो. वर्धा नदी ओलांडली तेव्हा पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसली. वाळूत टरबुजांच्या वाड्या होत्या आणि त्यांची हिरवाई पाहून डोळे जरा निवले. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. तिथून साग सुरू झाला. साग म्हटला की माझ्या मनात मोठ्या हिरव्या पानांचे झाड येई. इथे मैलोगणती नुसत्या काठ्या उभ्या होत्या आणि सगळी पाने खाली पडली होती. तपकिरी, वाळलेली, ताटाएवढी पाने. एक शेळी त्यांवरून चालत गेली तर दहा माणसे पापड खात असल्यासारखा आवाज झाला.

करंजीच्या अलीकडे मोटारीचे चाक बसले. ते बदलेपर्यंत आम्ही एका कडुनिंबाखाली जाऊन बसलो. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेल्या एका म्हाताऱ्याने माझी चौकशी केली. मी काय करतो ते ऐकल्यावर तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"म्हंजे रेडिओवर पान्याचं सांगते थे तुमीच?"

"बोलणारा दुसरा असतो. लिहून मी देतो."

"मंग एक सांगा भाऊ. गर्जेल तो पडेल काय, असं आमची बुढी म्हने. तुमी त गरजते बी म्हंता अन् पडते बी म्हंता. खरं कोनाचं?"

सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून मला थोडा रागच आला. त्याने मला फोडलेल्या टरबुजाची फाक दिली, तेव्हा राग निवळला.

पांढरकवड्यात पर्जन्यमापक पाहायचा होता. तहसिलीच्या आवारात तारेच्या कुंपणात तो उभा होता, घासून लख्ख केलेला. ज्या कारकुनाकडे तो सोपवलेला होता ते गृहस्थ रोज सकाळी साडेआठला कुंपण उघडतात, बाटली बाहेर काढतात, काचेच्या पेल्यात उलटी करतात आणि वहीत शून्य लिहितात. दिवाळीपासून शून्यच लिहीत आले होते. "कंटाळा नाही येत?" मी विचारले. ते म्हणाले, "नाई साहेब. कोरडं हाय हे बी कोनीतरी पाह्यलं पाहिजे." हे वाक्य मला माझ्या वाक्यापेक्षा चांगले वाटले. केळापूरच्या देवीचे दर्शन घ्या, जवळच आहे, असा त्यांनी आग्रह केला. दर्शन घेऊन मी दुपार टळल्यावर बैलांच्या दमणीतून पुढच्या गावी निघालो.

त्या गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. टेकडीच्या पायथ्याशी शंभरेक घरे, मधून कोरडा नाला आणि नाल्यापलीकडे चढावर बंजारी लोकांचा तांडा (वस्ती). पूर्वी ही माणसे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरत; आता शेती करतात. आपसात गोरबोली बोलतात, इतरांशी वऱ्हाडी.

गावात शिरताच चावडीसमोर शाळेचा काळा फळा उभा केलेला दिसला. त्यावर खडूने वळणदार अक्षरात लिहिले होते: 'आजचे हवामान. तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस पडण्याचा संभव आहे.' माझे वाक्य! शंभर मैलांवर, वैशाखाच्या उन्हात, माझे वाक्य उभे होते. मी दमणीतून उतरून फळ्याजवळ गेलो आणि मग खालची ओळ दिसली. ती दुप्पट मोठ्या अक्षरात होती: 'पावसाचा भरवसा धरू नये. चुली विझवाव्यात.'

फळ्याशेजारी पांढऱ्या सदऱ्यातला तिशीचा माणूस हातावरचा खडू झटकत उभा होता. हेच सुखदेव गुरुजी; मी त्यांच्याकडेच उतरायचा होतो. नमस्कार करायच्याही आधी मी विचारले, "ही खालची ओळ कोणाची?"

"वरची रेडिओची साहेब. खालची माही."

"आमच्या अंदाजाखाली तुम्ही आपला अंदाज लिहिता?"

"अंदाज नाई," गुरुजी शांतपणे म्हणाले. "भेव लिहितो."

त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली ताज्या फुलांची ओंजळ. गुरुजींच्या आईने कांद्याचे पिठले आणि ज्वारीची भाकर वाढली. जेवताना गुरुजींनी फळ्याची हकिकत सांगितली. त्यांचे वडील गावात हलगी वाजवून दवंडी देत. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी हलगी खाली ठेवली, ती कायमची. "बाबानं बरंच केलं," गुरुजी म्हणाले. "पन गावाले सांगाचं काम त उरतेच नं? ग्रामपंचायतीच्या रेडिओवर मी रोज ऐकतो अन् फळ्यावर लिहितो. तांड्यात कोनाले वाचता येत नाई, म्हून तिकडे सोता जाऊन सांगतो."

"मग आमच्यावर भरवसा का नाही?"

गुरुजी उठले आणि एक जाड वही घेऊन आले. रेडिओवर ऐकलेले रोजचे हवामान त्यांनी तीत तारीखवार उतरवले होते. एक पान उघडून त्यांनी माझ्यासमोर धरले. त्यावर माझेच वाक्य होते, काना-मात्रा न चुकता. वर लिहिले होते: 'आखाजी'. अक्षय्य तृतीयेला इकडे आखाजी म्हणतात. ही मागच्या वर्षीची आखाजी होती.

"त्या दिशी मीच तांड्यात गेलतो," गुरुजी म्हणाले. "म्हनलं, आज पानी येनार हाय."

त्यांनी पुढे जे सांगितले ते असे. या तांड्याची जुनी रीत आहे: होळी झाली की घरात चूल पेटवायची नाही. सगळ्या घरांचा मिळून एकच विस्तव खाली कोरड्या नाल्यात, खड्ड्यात ठेवायचा. सकाळी उजाडता उजाडता तिथेच सगळ्यांच्या भाकऱ्या होतात. ऊन चढले की निखारे राखेत पुरून वर शिळा सरकवायची. तो विस्तव एकीनेच राखायचा. वीस वर्षे तो सक्रीबाई राखत होती. तिला सगळा तांडा याडी (आई) म्हणतो. आखाजीच्या दिवशी पाऊस येणार असे तिने गुरुजींच्या तोंडून ऐकले. पाऊस आला तर नाला वाहील आणि विस्तव बुडेल. म्हणून तिने निखारे मडक्यात भरून वर आणले आणि आपल्या घराच्या पडवीत ठेवले. दिवस कलताना आभाळ गरजले, विजा चमकल्या, वारा सुटला. पाऊस मात्र आला नाही. मडके कलंडले. तांड्यातली नऊ घरे जळाली. माणसे वाचली, याडीचे दाव्याला बांधलेले वासरू वाचले नाही.

"कोनी तिले एक शबद बोललं नाई," गुरुजी म्हणाले. "पन तिनंच विस्तव सोडला. म्हने, माह्या हाताले आता देऊ नोका. दुसरी कोनी घ्याले तयार नाई, याडी असता कशी घ्याव म्हून. आता ज्याची त्याची चूल ज्याच्या त्याच्या घरात हाय. अन् घरं त पाह्यली नं तुमी? गवताचीच हायेत."

मी वहीकडे पाहत होतो. ते वाक्य तिथे संपले होते आणि ते तिथे संपायला नको होते, हे तिथे फक्त मला ठाऊक होते. त्या दिवशी मी दोन वाक्ये लिहिली होती. दुसरे असे होते: 'इतर ठिकाणी पाऊस न पडता धुळीचे जोरदार वारे सुटतील व विजा चमकतील.' दुपारी रेडिओवरच्या गृहस्थांचा फोन आला. "वेळ कमी आहे, एक वाक्य जास्त होतंय. शेवटचं काढू का?" घरी आमरस-पुरीचा बेत होता. मुले जेवायची थांबली होती. माझा एक पाय कचेरीच्या पायरीवर होता. मी म्हटले, "काढा."

गुरुजींना मी हे सांगितले नाही. ताटातली भाकर कशीबशी संपवली आणि हात धुतले. गुरुजींच्या आईला वाटले, त्यांचे तिखट मला सोसले नाही. तिने ताक आणून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तांड्यात गेलो. नऊ नव्या घरांची छपरे अजून पिवळी होती. बाकीची जुनी, काळपट. बायकांच्या घागऱ्यांवरचे आरसे उन्हात चमकत होते. याडी अंगणात बसून विडीला लागणाऱ्या तेंदूच्या पानांच्या जुड्या बांधत होती. सत्तरीची, बारीक, ताठ पाठीची बाई. मी नागपूरहून आलो एवढेच गुरुजींनी सांगितले. तिने मला सावलीत बसवले. तिथे खायला काय मिळाले ते सांगायला हवे: ज्वारीची भाकर, अंबाडीची चटणी आणि पळसाच्या द्रोणात भाजलेली मोहाची फुले. ही फुले पहिल्या घासाला उग्र लागतात, तिसऱ्याला बेदाण्यासारखी, आणि मग हात थांबत नाही.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "लाजू नोका. शहरातले लोकं उपाशी राह्यतात अन् मंग आमाले नावं ठेवतात."

तिच्या घरात सात दिवसांची बाळंतीण होती, तिची नात. बाळाला आणि आईला शेक हवा, गरम पाणी हवे, म्हणून चूल सकाळपासून पेटलेली होती. गवताच्या छपराखाली, दोन हातांवर. मी त्या चुलीकडे पाहत होतो हे याडीने ओळखले. "काय करता," ती म्हणाली, "लेकराले थंड्या पान्यानं धुवाव काय?" आणि पुन्हा जुड्या बांधू लागली.

त्या सकाळभर मी तिला सांगायचे ठरवत होतो आणि सांगत नव्हतो. एकदा तोंड उघडले, तर ती म्हणाली, "पानी पाह्यजे काय?" मी पाणी प्यालो.

तिसऱ्या प्रहरी वारा पडला. पान हलेना. कोंबड्या अंगणातून उठून आत गेल्या. पश्चिमेकडून आभाळ शाईसारखे चढत होते. कचेरीत आम्ही अशा आभाळाला 'गडगडाटासह' या एका शब्दात उरकतो. तिथे त्याच्याखाली उभा राहिलो आणि नकळत दोन पावले मागे सरलो. गुरुजी घरोघर धावत सुटले. "चुली विझवा, चुली!" याडीने माझ्याकडे पाहिले आणि पहिल्यांदाच सरळ विचारले, "नागपूरचे ना तुमी? पानी येईन काय?"

चार वर्षांत हा प्रश्न मला कोणी तोंडावर विचारला नव्हता. मी म्हटले, "मला माहीत नाही, याडी. वारा येईल, तो नक्की."

ती उठली ती थेट घरात गेली आणि बाळाच्या अंघोळीसाठी तापवलेला हंडा दोन्ही हातांनी उचलून चुलीवर पालथा केला. वाफेचा लोट दारातून बाहेर आला. त्याच क्षणी वारा आला. असा वारा मी पाहिला नव्हता. धूळ, पाने, तेंदूच्या जुड्या, सुपे, सगळे एकदम उडाले. कोणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडून शेजारच्या छपराच्या कडेला लागली आणि गवत धुमसू लागले. तिघाचौघांनी आकडे लावलेल्या लांब काठ्यांनी ते छप्पर ओढून खाली पाडले. बायकांनी ओल्या गोणपाटांनी ते बडवले.

मला काय करावे कळत नव्हते. याडीने ते ओळखले असावे. तिने बाळ माझ्या हातात दिले. "नाल्यात जा," म्हणाली, "अन् बसून राहा." बाळंतीण माझ्यामागे आली. नाल्याच्या कोरड्या पात्रात, काठाच्या आडोशाला आम्ही बसलो. बाळाच्या तोंडावर धूळ येऊ नये म्हणून मी कोट काढून वर धरला. खिशातला कांदा घरंगळत वाळूत गेला. वर आभाळ फाटल्यासारखे गरजत होते. समोरच्या टेकडीवर वीज पडली ती मी पाहिली. आधी एक पांढरी रेघ, मग जरा वेळाने त्याच जागी धुराची बारीक काडी. ती काडी बघता बघता आडवी झाली आणि तिच्या बुडाशी लाल दिसू लागले.

पावसाचे थेंब आले. मी माझ्या हातावर मोजले. अकरा. आमच्या वहीत अशा पावसाला माप नसते. पडला म्हणून नुसती खूण करायची. बाळ या सगळ्यात झोपले होते. त्याची मूठ माझ्या बोटाभोवती वळली होती आणि मी, दोन मुलांचा बाप, भीतीने आणि शरमेने रडत होतो. बाळंतिणीने ते पाहिले आणि तोंड दुसरीकडे केले.

टेकडीवरचा वणवा खाली येऊ लागला तेव्हा गाव आणि तांडा दोन्ही वर धावले. जंगलखात्याचे दोन रखवालदार होते. पळसाच्या ओल्या फांद्यांनी माणसे आग झोडपत होती आणि मागची माणसे पालापाचोळा ओढून जमिनीवर रुंद मोकळा पट्टा करत होती. दिवस बुडायच्या आत आग त्या पट्ट्यापाशी येऊन अडली आणि विझत गेली. टेकडीची एक बाजू काळी झाली. तांड्याचे एक छप्पर गेले, तेही आपण होऊन पाडलेले. गुरुजी परतले तेव्हा त्यांच्या भुवया जळालेल्या होत्या. "आता आरसा पाहू नका," मी म्हटले. ते हसले आणि मग खोकत बसले.

तिन्हीसांजेला याडी नाल्यात उतरली. ती जुन्या खड्ड्याच्या काठावर बसली. खड्डा वाळूने आणि पानांनी भरला होता. शिळा बाजूला पालथी पडली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगितले. रेडिओवर जाते ते मी लिहितो. आखाजीला दोन वाक्ये होती. वाऱ्याचे वाक्य मी काढायला सांगितले.

तिने खड्ड्यातले एक वाळके पान उचलून बाजूला टाकले.

"काहून काढलं?"

"घरी जायची घाई होती."

"काय होतं घरी?"

"आमरस," मी म्हटले. खोटे काही सुचले नाही.

"चांगला होता काय?"

तिने हे टोचून विचारले नाही. घरी आलेल्या पोराला आई विचारते तसेच विचारले. मी म्हटले, "आठवत नाही."

"आठवत असन."

"चांगला होता," मी म्हटले.

तिने मान हलवली. हातात वाळू घेतली, सोडली. "वरीसभर मले वाटे," ती म्हणाली, "देवानं माह्याच हातानं हे काहून करवलं. विस्तव वाचवाले गेली अन् घरं जाळून बसली. वासराचं दावं बी म्याच बांधलं होतं. कोनी बोलत नाई. मले लय वाटे का कोनी तरी शिवी द्याव. आज तुमी आले अन् म्हनता, 'माही बी चूक होती'." तिने हातावरची वाळू झटकली. "बरं केलं भाऊ सांगतलं. येकटीले लय जड होतं."

मी तिच्या पाया पडलो. तिने पाठीवर हात फिरवला; तो हात खरखरीत होता आणि हंड्याच्या वाफेने भाजलेला होता.

"येक काम करा," थोड्या वेळाने ती म्हणाली. "पान्याचं नोका सांगू आमाले. पानी आलं त दिसतेच. अंगावर पडते. वारा सांगत जा. थो आल्यावर टाइम नसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला निघायचे होते. दमणी जोडायच्या आधी मी नाल्यात गेलो तर याडी खड्ड्यातली वाळू उपसत होती. तांड्यातल्या बायका काठावर उभ्या राहून पाहत होत्या. विस्तव एकाच चुलीत उरला होता, तिच्या नातीच्या. पाणी ओतूनही एका कोपऱ्यात राखेखाली दोन निखारे राहिले होते. नातीने ते खापरीत घालून आणले. याडीने ते खड्ड्यात ठेवले, वर वाळक्या शेणाचा चुरा टाकला आणि वाकून फुंकर मारली. धूर आला. मग एकेक बाई परात घेऊन खाली उतरू लागली. शिळा उचलायला दोघे लागतात. एका बाजूला मी हात लावला. ती फारच जड होती. याडीने मला पहिली भाकर दिली आणि वाळूत सापडलेला माझा कांदा फोडून तिच्यावर ठेवला.

परतीचा प्रवास तोच, तीच नदी, तेच टरबूज. बायकोने खिसा चाचपून विचारले, "कांदा कुठे गेला?" मी म्हटले, "खाल्ला." ती म्हणाली, "तो खायला नव्हता दिला." मग माझे तोंड पाहून ती शेजारी बसली आणि तिने सगळे ऐकून घेतले. आमरसाचे सांगितले तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला. त्या दिवशी जेवायला थांबलेल्यांत तीही होती.

साहेबांना मी चार पानी अहवाल दिला. वणव्याची सूचना घालायचे ठरले. प्रवासाने माणूस शहाणा होतो असे म्हणतात. मला तसे काही वाटत नाही. मी अजून माझी वाक्ये घासूनपुसूनच लिहितो आणि अंदाज अजून चुकतात. फरक एवढाच की पूर्वी मी लिहिताना कागद पाहत असे. आता मला एक खड्डा दिसतो, त्याच्या काठावर एक बाई दिसते आणि तिने शिळा सरकवायला हात लावलेला असतो.

आठवड्याभरानंतर पुन्हा तसेच आभाळ आले. मी दोन वाक्ये लिहून दिली आणि घरी जाण्यासाठी छत्री उचलली, तोच फोन वाजला. आवाज ओळखीचा होता.

"साहेब, आज पण वेळ कमी आहे. एक वाक्य जास्त होतंय. शेवटचं काढू?"

मी छत्री खाली ठेवली आणि खुर्चीवर बसलो.

"पावसाचं काढा," मी म्हटले. "वाऱ्याचं राहू द्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "पावसाचं? लोक त्याचीच तर वाट पाहतात साहेब."

"पाऊस आला तर त्यांना दिसेल," मी म्हटले, आणि रेडिओवर ते वाक्य ऐकू येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.